पाकळीच्या पाठीवर

“पाठीवरचं उतरव आधी, मग चालव,” विश्वासराव म्हणाले.

पाकळीच्या पाठीवर काहीच नव्हतं. खोगीर नाही, घोंगडं नाही. सकाळी मी लावलेली भंडाऱ्याची चिमूट तेवढी होती.

विश्वासराव अंगणात बाजेवर डोळे मिटून बसले होते. चष्मा काढून खिशात ठेवलेला. घोडं आधी कानांनी बघायचं, अशी त्यांची रीत. रंग दिसला, आयाळ दिसली, की माणूस भाळतो आणि चाल ऐकायची राहून जाते, असं त्यांनी आल्या आल्याच सांगितलं होतं. कोल्हापूरकडे त्यांचा मोठा तबेला होता आणि त्यात माणसाच्या कमरेच्या वर जाणारं एकही घोडं नव्हतं. ठेंगण्या घोड्यांचा त्यांना नादच होता. त्या नादापायीच ते स्वतः टेंपो चालवत फलटणच्या माळावर, आमच्या धायगुडे वस्तीवर आले होते.

“काय उतरवू, राव?” आमच्या ह्यांनी विचारलं. पाकळीचं दावं ह्यांच्या हातात होतं. “पाठ मोकळीच हाय की.”

विश्वासरावांनी डोळे उघडले, चष्मा चढवला. पाकळीकडे बघितलं, मग तिच्या पायांखालच्या मातीकडे, मग परत पाकळीकडे.

“असं होय,” ते म्हणाले. “मला वाटलं, काहीतरी लादलंय.”

हे मोठ्यानं हसले. “लादतंय कोण? तिच्यावर माशी बसली तरी आमची आक्का हाकलती. देव बसतो तिच्यावर, राव. जेजुरीचा. समदी वस्ती सांगंल तुमास्नी.”

ओसरीवर वन्सं बाजरी पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला. जरा वेळानं परत सुरू झाला.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, भागूबाई. ऐन तरुणपणी नवऱ्याचं घर सोडून त्या माहेरी आल्या होत्या, आणि येताना बरोबर एकच गोष्ट आणली होती. मैना नावाची बुटकी करडी घोडी. मैनेची शेवंती, शेवंतीची पाकळी. तिघीही कमरेएवढ्या, तिघीही करड्या, आणि तिघींची चाल एकच. तिला रेवाल म्हणतात. पाय झपाझप पडतात, पण पाठ हलत नाही. डोहावरून पान सरकावं तशी पुढं सरकते. ती चाल बघायला लांबलांबून माणसं यायची. कुणी कुणी पाठीवर दुधाचा तांब्या ठेवून बघू का, म्हणून विचारायचे. वन्सं नाही म्हणायच्या. जास्त बोलायच्या नाहीत, नुसतं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा मैना म्हातारी झाली होती. डोळ्यांत वडस वाढलेले, पण पाण्यावर जाताना पाठ तशीच अलगद. पहिल्याच दिवशी वन्संनी मला तिच्यापाशी नेलं होतं.

“हिच्यावर कुणी बसायचं न्हाई, गोदे. जागा भरल्याली हाय.”

मी वाकून नमस्कार केला. माझ्या माहेरी खंडोबाचं. रविवार, सोमवती, चंपाषष्ठीचे दिवस, सगळं मी कळायला लागल्यापासून करत आले. देव घोड्यावर बसतो हे मला कुणी सांगायला नको होतं. त्या दिवसापासून मी एक नेम धरला. सकाळी आंघोळ झाली की आधी घोडीच्या पाठीवर भंडारा लावायचा, मग तोंडात पाणी घालायचं. नेम कुणाला सांगायचा नसतो, पण घरातल्यांपासून काय लपतं? हे चेष्टा करायचे. “हिचा एक देव देव्हाऱ्यात, एक गोठ्यात. गोठ्यातला लीद टाकतो, एवढाच काय तो फरक.”

एक गोष्ट मात्र ह्यांनाही सांगितली नव्हती. सकाळी मी आयाळीच्या बुडाशी भंडारा लावायची, आणि दुपारी चारा घालायला गेले की तो दोन ठिकाणी पुसलेला असायचा. दोन लहान गोल, शेजारी शेजारी. आधी मैनेच्या, मग शेवंतीच्या, मग पाकळीच्या. मी मनाशी म्हणायची, देव इथं धरून बसतो.

म्हणूनच ह्यांनी पाकळी द्यायचं ठरवलं त्या दिवशी मी भंडारा दोनदा लावला. मेंढरं कधीच विकून झाली होती, बिऱ्हाड घेऊन हिंडणं बंद झालं होतं, आणि शेवंती गेल्यावर ह्या अवलादीची पाकळी एकटीच उरली होती. ह्यांचं म्हणणं, उद्या हिला काही झालं तर वेल इथंच खुंटला; जाणत्या माणसाकडं गेली तर चार शिंगरं तरी होतील. बोलण्यात खोट नव्हती. पण घोडी गेली तर पाठीवरचा देवही तिच्याबरोबर टेंपोत बसून जाणार, एवढंच मला दिसत होतं. आणि वन्सं ते ठरल्यापासून नीट जेवल्या नव्हत्या.

“परत चालव,” विश्वासराव म्हणाले. “त्या बाभळीला वळसा घालून आण. ओढू नको. दावं सैल सोड.”

ह्यांनी पाकळीला चालवलं. विश्वासरावांनी परत चष्मा काढला, डोळे मिटले. मी ओसरीच्या खांबाशी उभी होते. माळावर वारा नव्हता. टाप, टाप, टाप, टाप. बाभळीपाशी आवाज जरा मंदावला, अगदी थांबल्यासारखा झाला आणि मग वळून परत सुरू झाला.

“बघितलं?” विश्वासराव डोळे मिटूनच म्हणाले. मला म्हणाले की स्वतःशी, कळलं नाही.

“काय?” मी हळूच विचारलं.

“वळणावर थांबली. मोकळं जनावर वळणावर थांबत नाही, वहिनी. अंग टाकून वळतं. पाठीवरचं एका बाजूला कलायला लागलं की ओझ्याचं जनावर थांबतं, त्याला सावरतं आणि मग वळतं.”

“धान्याच्या गोणीसारखं?”

“गोण बसली की बसली. ती कलत नाही.” त्यांनी डोळे उघडले. “हे कलतंय. दर वळणाला कलतंय.”

तोवर हे पाकळीला घेऊन आले. “काय मग, राव? पसंत का?”

“मल्हारी, हिची आई अशीच चालायची म्हणतोस?”

“अश्शीच. आन् तिची आईबी. डोळं मिटून सांगा म्हणलं तर तिघींतली कोण चालली, मला सांगता यायचं न्हाई.”

“मग तिघींवर एकच ओझं आहे.”

हे हसले, पण ह्या वेळी जरा कमी. “म्हणतोय न्हवं मी, देव हाय म्हणून.”

“देवाचं मला माहीत नाही बाबा. मी आपला नांगराच्या बैलाला सुद्धा नमस्कार करणारा माणूस.” विश्वासरावांनी पाकळीच्या पाठीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. तसं दिसू नये म्हणून तोच हात डोक्यावरून फिरवला. “पण घोड्यावर बसलेला जागा असला तर घोड्याबरोबर हलतो. घोडं पुढं झुकलं की तो मागं रेलतो. हे तसं काही करत नाही. नुसतं लवंडतं. जे कोण आहे ते झोपलेलं आहे.”

ओसरीवरून सूप खाली पडल्याचा आवाज आला. बाजरी सगळ्या पायऱ्यांवरून घरंगळली. वन्सं उठून आत गेल्या होत्या.

“आक्काला आवडत न्हाई चेष्टा,” हे म्हणाले.

“मी चेष्टा करत नाही,” विश्वासराव म्हणाले.

मी चहा टाकायला आत गेले. वन्सं चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या. मी आधण ठेवलं, साखर घातली.

“काय म्हनला गं त्यो?” त्यांनी विचारलं.

“कुणाबद्दल?”

“झोपलंय म्हनला?”

“हो.”

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. “अजून झोपल्यालंच हाय म्हनला?”

त्या ‘अजून’नं माझ्या हातातला कप बशीवर वाजला. “वन्सं, कोण?”

“चहा उतू चाललाय,” त्या म्हणाल्या आणि उठून मागल्या दारानं बाहेर गेल्या.

मी चहा गाळला. इतकी वर्षं मी ज्याला भंडारा लावला, ज्याच्या नावानं रोजचा पहिला घोट थांबवून धरला, तो कोण, हे मला त्या चुलीपुढं पहिल्यांदा माहीत नसल्यासारखं झालं. देव झोपतो हेही मला माहीत होतं. शेजारती आम्हीही करतोच. पण शेजारती केलेला देव सकाळी काकडआरतीला उठतो. हे कुणी उठत नव्हतं. आणि माझ्याशिवाय त्याची विचारपूस रोज कोण करत होतं? कुणी नाही. मी सुद्धा हळद लावून पाणी प्यायला निघून जात होते.

बाहेर चहा झाला. ह्यांनी पानसुपारी केली. विश्वासरावांनी पानाचा विडा हातातच धरला, तोंडात घातला नाही.

“खरं सांगू, मल्हारी? असली चाल मी उभ्या जन्मात ऐकली नाही. माझ्याकडं पाच पिढ्यांची निवडून केलेली पैदास आहे, पण तिच्यापुढं ती म्हणजे खुळखुळ्यासारखी वाजते. ही चाल मला हवी आहे. पण ती घोडीची आहे का त्या ओझ्याची, हे मला कळत नाही.”

“तुमच्याकडं गेल्यावर कळंल की.”

“तेही खरं. शब्द तर झालाच आहे. चढव.”

वन्सं मागून कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, मला दिसलं नाही. हे म्हणाले, “आक्का, निरोप दे घोडीला.” वन्सं हलल्या नाहीत. त्यांचे ओठ मात्र हलत होते.

“तोंडात म्हणू नको, मोठ्यांदा म्हण काय म्हणायचं ते,” हे चिडून म्हणाले. “राव आल्यापास्नं बघतोय. घोडीच हाय ती, लेक न्हाई सासरी निघाल्याली.”

“मल्ल्या,” वन्सं म्हणाल्या, “तू तवा रांगत हुतास. तुला काय म्हाईत हाय?”

हे टेंपोकडं वळले.

टेंपोच्या मागच्या फळ्या सोडल्या. एक लांब फळी उतरती लावली. टेंपोच्या हौद्यावर मागच्या बाजूनं एक लोखंडी नळी आडवी होती, ताडपत्री बांधायची. ती बरीच उंच होती. मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं ते त्या नळीमुळं. पाकळी फळीवर चढून आत गेली असती तरी तिचे कान आणि नळी ह्यांच्यात हातभर जागा राहिली असती. घोडीला त्या नळीची काही अडचण नव्हती.

हे पुढं दावं धरून चढले. पाकळी मागं. फळीवर टाप, टाप. काही कुरकुर नाही. विश्वासराव बाजूला उभे राहून ऐकत होते. नळीपाशी आल्यावर पाकळी थांबली. मान वर करून तिनं नळीकडं बघितलं. मग तिनं पुढचे पाय वाकवले.

मी घोडं बसताना बघितलेलं आहे. घोडं बसतं तेव्हा धप्पकन बसतं. हे तसं नव्हतं. ती थोडी थोडी खाली जात होती, पाठ सरळ ठेवून, आणि गुडघ्यांवर येऊन हळूहळू पुढं सरकायला बघत होती. नळी तिच्या डोक्यापासून कितीतरी वर होती. आणि तरी ती वाकत होती. जणू नळी तिच्या पाठीच्या वरच्या कशाला तरी लागणार होती.

“हे काय नाटक?” हे म्हणाले. “चल, पाके. जागा हाय की.” ह्यांनी दावं ओढलं.

“ओढू नको!” वन्संची किंकाळी माळभर गेली. “वाक बाय, अजून वाक! लागंल त्याला!”

त्या धावत जाऊन पाकळीच्या पाठीच्या वर, हवेत, दोन्ही तळहात पसरून उभ्या राहिल्या, नळीच्या आणि त्या मोकळ्या जागेच्या मध्ये. आपल्या पोराच्या डोक्याला चौकट लागू नये म्हणून आई हात धरते, तशा.

ह्यांच्या हातातलं दावं गळून पडलं.

मग वन्सं फळीच्या टोकाला खाली मातीतच बसल्या. पाकळी गुडघ्यांवर तशीच. मागं येईना, पुढं जाईना, नुसती थरथरत होती.

“धुळा,” वन्सं म्हणाल्या. “माजा धुळू. तवा नुकता बोलाया लागला हुता.”

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांना मूल होतं आणि ते तापानं गेलं, एवढंच आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मूल गेलं, नवऱ्यानं दुसरी केली, त्या माहेरी आल्या. हे घरात एका दमात सांगितलं जायचं आणि मग दुसरं काहीतरी बोललं जायचं.

“मेंढरं घेऊन कोकणात उतरत हुतो,” वन्संनी सांगितलं. “घाटात. मैनेवर बिऱ्हाड लादल्यालं, गोधड्या, भांडी, दोन कोंबड्या, आन् समद्याच्या वर धुळू. लुगड्यानं बांधल्याला. आमच्यात लेकरं तशीच बसत्यात. अंग ऊन लागत हुतं त्याचं, म्हनलं पायथ्याला गेल्यावर काढा करू. त्याला झोप लागली. तशी मैनेनं चाल बदलली, गोदे. माज्या डोळ्यांदेखत. पाठ हलू देईना. धोंड्यावर पाय पडला तर आधी थांबायची, तोलायची, मग टाकायची. घाटभर मी तिला म्हनत हुते, शाणी गं माजी मैना, लेकरू झोपलंय म्हनून किती जपून चालतीस.”

विश्वासरावांनी पायातल्या चपला काढल्या होत्या. कधी काढल्या कोण जाणे.

“पायथ्याला सोडाया गेले तर गार पडल्यालं. घाटात कुठं गेला त्येबी कळलं न्हाई. इतकी जपून चालली ती.”

“आक्का,” हे म्हणाले.

“आमच्यात एक रीत हाय,” वन्सं मला म्हणाल्या. ह्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हत्या. “जनावरावरनं लेकरू काढलं की काढनाऱ्यानं जनावराच्या मानेवर थाप मारायची आन् सांगायचं, उतरलं गं बाय. रोज. कुठंबी तळ पडू दे. न्हाईतर जनावराला वाटतं हायेच, रात्रभर बसत न्हाई, उभंच ऱ्हातं. त्या दिशी रडारडीत धुळूला कुणी काढलं, कुणी न्हेलं... मैना लांब उभी हुती. तिला कुणी सांगितलंच न्हाई.”

पाकळीच्या नाकातून वाफेसारखा श्वास येत होता.

“मग ती तशीच चालाया लागली. रोज. तिच्या बाजूनं शेवंती चालली, ती तिच्यावानी शिकली. शेवंतीच्या बाजूनं ही. आन् मैना मेली त्या दिशी मला वाटलं, संपलं. पर दुसऱ्या दिशी शेवंती वळणावर थांबली.” वन्संनी तोंडावरून हात फिरवला. “आमची आई पयल्यापास्नं म्हनायची, लोकांस्नी सांगू, देव बसतो. लेकरू म्हनलं तर घोडी हाकलून देत्याल. देव म्हनलं तर पाया पडत्याल.”

मी तिच्या पाया पडत होते. रोज.

“वन्सं, तुम्ही का नाही सांगितलं? नंतर कधी? एका शब्दाचं तर काम होतं.”

“सांगितलं असतं म्हंजे त्यो उतरला असता. आन् उतरून कुठं गेला असता, गोदे?”

टेंपो उभा होता, फळी लावलेली होती, घोडी गुडघ्यांवर होती. तशीच तिला ओढून आत घातली असती तर ते लेकरू कोल्हापूरला गेलं असतं. परक्यांच्या तबेल्यात, जिथं त्याचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही. त्याच्यावर कुणी खोगीर टाकलं असतं. नाही ओढली तर ही घोडी अशीच वाकून उभी राहणार होती.

“आता उतरवा त्याला,” मी म्हणाले.

वन्सं उठल्या. दोन्ही हात पुढं केले. हात आयाळीपर्यंत गेले आणि तिथं अडले. परत नेले, परत अडले.

“न्हाई हुत,” त्या म्हणाल्या. “मी उचललं तर पुन्यांदा कळंल, गार हाय का ऊन.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. विश्वासरावांनीही बघितलं. ह्यांनी मान फिरवली.

मी पदर खोचला. मल्हारी मार्तंडाचं नाव घेतलं. खोटं का बोलू, त्या क्षणीही मला वाटत होतं की माझे हात रिकामेच वर जातील आणि रिकामेच खाली येतील, आणि मग आम्ही सगळे एकमेकांची समजूत काढू. झोपलेलं लेकरू कसं उचलायचं हे बाईच्या हातांना सांगावं लागत नाही. एक हात बुडाखाली, एक मानेमागं. मी तसे हात घातले. वारा. घोडीच्या अंगाची ऊब. भंडाऱ्याचा वास.

मग माझ्या मानेमागच्या हातात काहीतरी लवंडलं.

मी ते खांद्याशी घेतलं. जड नव्हतं. पण झोपलेलं लेकरू जागं असल्यापेक्षा जड लागतं ना, तसं सैल, सगळं अंग टाकून दिलेलं. मी आधी तोल सावरला.

“ऊन हाय का गं?” वन्संनी विचारलं. आवाज इतका बारीक की पोरीचा वाटला.

“ऊन आहे, वन्सं,” मी म्हणाले. होतंच.

माझे दोन्ही हात अडकलेले होते. थाप मारायला वन्संनाच पुढं यावं लागलं. त्यांनी पाकळीच्या मानेवर तळहात टेकवला.

“उतरलं गं बाय,” त्या म्हणाल्या. मग परत, “मैने, उतरलं. शेवंते, उतरलं.”

पाकळीनं कान हलवले. उठली. फळीवरून मागं मागं खाली आली आणि ओझं काढल्यावर जनावर जसं अंग झाडतं तसं नाकापासून शेपटीपर्यंत झाडलं. मग धप्पकन मातीत पडून लोळायला लागली. चारी पाय वर, ह्या कुशीवरून त्या कुशीवर, फुरफुरत. आमच्या दारात त्या अवलादीची घोडी लोळताना मी कधीच बघितली नव्हती. उठली ती धुळीनं माखलेली, आणि माळावर पळत सुटली. लाथा झाडत, खडाड खडाड, वाकडीतिकडी, गाढवाच्या पोरासारखी. बाभळीपाशी न थांबता अंग टाकून वळली.

“गेली,” हे म्हणाले. “चाल गेली, राव.”

विश्वासराव डोळे मिटून ऐकत होते. बऱ्याच वेळानं उघडले. “मोकळी आहे,” ते म्हणाले. “हिला ठेव मल्हारी, तुझ्याकडंच. वस्तीवरच्या पोरांना बसव आता हिच्यावर.”

“न्यायची न्हाई?”

“न्यायला आलो होतो ते हिच्यात नाही.” ते माझ्या हातांकडं बघत होते. हातांकडं नाही, हातांच्या वर. त्यांनी फळी उचलली आणि हौद्यात ठेवली, आवाज होऊ न देता. टेंपोत बसले, पण किल्ली फिरवली नाही. ब्रेक सोडला आणि टेंपो उतारावरून तसाच, बंद इंजिनानं, घरंगळू दिला. अगदी खालच्या ओढ्याशी गेल्यावर लांबून इंजिनाचा आवाज आला.

मी घराकडं निघाले. वन्सं पुढं धावत गेल्या, आत जाऊन गोधडी अंथरली. उन्हातली, मऊ, त्यांची स्वतःची. मी गुडघ्यांवर बसले.

“ठेवू?” मी विचारलं.

वन्सं वाकल्या. माझ्या खांद्यापाशी तोंड आणून त्यांनी बघितलं. काय बघितलं, त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

“आत्ताच कूस बदललीय,” त्या पुटपुटल्या. “ऱ्हाऊ दे गं अजून थोडा वेळ.”

मी राहू दिलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हाही त्या म्हणाल्या, थोडा वेळ. नंतर मी विचारायचं सोडलं. स्वयंपाक करायची, धुणं करायची, देवाला जायची, सगळं व्हायचं. वन्सं रोज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसायच्या, माझ्या खांद्याशी हळू आवाजात काहीबाही बोलायच्या. त्या वर्षांत त्या जेवायला लागल्या. हसायच्यासुद्धा.

आता त्यांना जाऊन बराच काळ झाला. पाकळीवर बसून वस्तीवरची पोरं मोठी झाली आणि तिची शिंगरं साधी, धडधड चालणारी निघाली. माझी रविवारची जेजुरी अजून चुकत नाही. पायऱ्या चढताना मागच्या बायका म्हणतात, “गोदाकाकी, ह्या वयात कशी हो पाठ न हलवता चढता तुम्ही?” मी हसते आणि पुढच्या पायरीवर आधी तोल बघून मग पाय टाकते.

मला अजून कुणी सांगितलेलं नाही.